आकडा खरा की दमट? हवेच्या मीटरबद्दल वाचकांचे प्रश्न

पाऊस गेल्यापासून आलेल्या पत्रांत घरगुती हवेच्या मीटरच्या तक्रारी बऱ्याच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक किनाऱ्यावरच्या. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्र. पाऊस ओसरल्यापासून रात्री दहानंतर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा आकडा चढू लागतो. पहाटे ९० ते ११० असतो, आणि दुपारी ऊन तापलं की तोच मीटर २५ वर येतो. जवळपास ना कारखाना, ना हमरस्ता. घर समुद्रालगत आहे. मीटर बिघडला का? (गुहागर)

बहुधा नाही. पण ११० हा आकडाही जसाच्या तसा घेऊ नका.

या मीटरमध्ये वजन करणारं काहीच नसतं. छोटा पंखा हवा आत ओढतो, तिच्यातून लेझरची तिरीप जाते, कणांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि डायोड ती चमक टिपतो. चमकेवरून कणाचा आकार, आकारावरून वजन, असा पुढचा सगळा हिशेब गृहीत धरून चालतो. त्यातलं मुख्य गृहीत म्हणजे कण कोरडा आहे. किनाऱ्यावर तिथेच घोटाळा होतो. मिठाचा कण सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाणी ओढून थेंब होतो. ९० टक्क्यांना त्याचा व्यास दुपटीहून जास्त झालेला असतो. मीठ तेवढंच, पण मीटरच्या लेखी कण मोठा झाला. शिवाय एकदा थेंब झालेला कण पुन्हा सुकायला आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास उतरावी लागते, आणि आपल्याकडे वर्षातले कित्येक महिने ती भर दुपारीही तेवढी उतरत नाही. तेव्हा तुमचे दुपारचे २५ देखील थोडे ओलेच समजा.

मात्र सगळा दोष दमटपणावर ढकलू नका. रात्री वारा पडतो, जमिनीलगतचा थर गार होऊन बसतो, आणि संध्याकाळच्या चुलीचा, पाणी तापवायच्या बंबाचा, जाळलेल्या पाचोळ्याचा धूर त्यातच अडकतो. मतलई वारे हा धूर जमिनीकडून समुद्राकडे नेतात आणि किनाऱ्यावरची घरं त्या वाटेतच असतात.

दोन्ही वेगळं काढायचं तर आधी ॲपमधून आठवड्याची नोंद उतरवून घ्या आणि पीएम व आर्द्रता शेजारी-शेजारी ठेवून पाहा. आर्द्रता पंचाहत्तरी ओलांडते तिथूनच आकडा रोज हळूहळू चढत असेल, तर पाण्याचा वाटा मोठा आहे. आर्द्रता तशीच असताना साडेआठला अचानक उसळी आली, तर तो धूर.

मग शून्य-चाचणी करा. एअर प्युरिफायर असेल तर पूर्ण वेगावर चालू करून मीटर त्याच्या हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडासमोर १० मिनिटं धरा. प्युरिफायर नसेल तर गाडीत बसून काचा बंद करा, एसी आतल्याच हवेवर फिरता ठेवा आणि १५-२० मिनिटं थांबा. पहाटे, दमट हवेतच ही चाचणी घ्यायची. प्युरिफायरसमोर आकडा ० ते ३ वर आला तर सेन्सर स्वच्छ आहे: कणच उरले नाहीत, मग फुगणार कोण? इतकं करूनही १५-२० च्या खाली उतरत नसेल, तर मळ सेन्सरच्या आत आहे. त्याचं उत्तर पुढे मालवणच्या प्रश्नात आहे.

दुरुस्तीचं सूत्र हवं असेल तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पर्पल एअरच्या मीटरसाठी काढलेलं एक सूत्र बरंच वापरलं जातं: सेन्सरचा ‘सीएफ १’ नावाने येणारा कच्चा आकडा गुणिले ०.५२४, उणे आर्द्रतेची टक्केवारी गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५. मीटर १०० दाखवतोय आणि आर्द्रता ८५, तर उत्तर येतं सुमारे ५१. त्या मीटरमध्ये प्लँटॉवर कंपनीचे सेन्सर असतात, म्हणून तुमच्याही मीटरमध्ये प्लँटॉवर असेल तरच ते लावा. सूत्र अमेरिकेतल्या नोंदींवर बेतलेलं आहे, तेव्हा आपल्या खाऱ्या हवेत त्याच्याकडून फक्त अंदाज घ्यावा. ९० टक्क्यांच्या वर तर आम्ही आकडा वाचतच नाही, फक्त त्याचा कल बघतो.

हौशी मंडळी सेन्सरकडे जाणारी हवा थोडी तापवून घेतात. सरकारी केंद्रांवरच्या बीटा-किरण यंत्रांतही हवा तापवूनच आत घेतात. ३० अंशांची ८५ टक्के दमट हवा ३८ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता सुमारे ५४ टक्क्यांवर येते. फक्त तापमान-आर्द्रतेचा सेन्सर त्या नळीपासून दूर ठेवा, नाहीतर तोही तापेल आणि भलतंच सांगेल.

प्र. मीटरची आर्द्रता ७० च्या वर जातच नाही. इकडे दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. (रत्नागिरी)

मीटर स्वतःच गरम होतो. पडदा, वायफायची चिप आणि पंखा एकाच डबीत कोंबलेले असतात. आतली हवा बाहेरच्यापेक्षा फक्त २ अंशांनी जास्त असली तरी २८ अंशांची खरी ८५ टक्के आर्द्रता ७६ दिसते. ४ अंशांचा फरक असेल तर तुमचा सत्तरीचा आकडा सहज निघतो.

किती चुकतोय ते मिठाने तपासता येतं. संपृक्त मिठाच्या, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या गाढ पाण्याच्या वरची बंद हवा आपल्या नेहमीच्या तापमानात ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. बाटलीच्या मोठ्या झाकणात दोन-तीन चमचे मीठ घ्या आणि थेंब-थेंब पाणी घालत ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगलं तर जास्त झालं. झाकण आणि बॅटरीवर चालता मीटर एका घट्ट डब्यात ठेवा. डबा पारदर्शक असला तर बरं, उघडावा लागत नाही. आठ ते बारा तास, म्हणजे रात्रभर थांबा. सकाळी आकडा ६६ असेल तर त्या पट्ट्यात ९ मिळवायचे.

इथे मिठागरातलं खडे मीठ वापरू नका. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. पावसाळ्यात बरणीतलं जाडं मीठ पाझरतं ते त्यामुळेच. तो क्षार बराच कमी आर्द्रतेलाही पाणी ओढतो, म्हणून डब्यातली हवा पंचाहत्तरीच्या खाली राहते आणि चांगला मीटर उगाच बदनाम होतो. पाकिटातलं शुद्ध केलेलं मीठ चालेल, आयोडीन असलं तरी.

प्र. मीटर दीड वर्ष नीट चालला. आता पीएम २.५ कधीच ४५ च्या खाली येत नाही, जोराची सर पडून गेली तरी. मध्येच आकडा काही मिनिटं गोठतो. घरी साफ करता येईल का? (मालवण)

ही दोन वेगळी दुखणी दिसतात.

आकडा खाली न येणं म्हणजे बहुधा सेन्सरच्या आत प्रकाश विखुरणारं काहीतरी कायमचं बसलंय: धुळीचा पुंजका, कापसाचा तंतू किंवा कोळ्याचा धागा. कोळ्यांना ती अंधारी भोकं फार आवडतात. मीटर बंद करा, वायर काढा. घड्याळजी किंवा कॅमेरेवाले वापरतात तो रबरी ब्लोअर घेऊन हवा आत जाणाऱ्या भोकांवर आठ-दहा फटके मारा, मग बाहेर पडणाऱ्या बाजूने तेवढेच. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर नकोच. पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. ब्लोअर वापरतानाही पातं दिसत असेल तर टाचणीने अडवून धरा. एवढ्याने फरक पडला नाही तर सेन्सरचं झाकण उघडण्यापेक्षा सेन्सर बदलणं शहाणपणाचं. उघडायचंच असेल तर वीज जोडलेली नको, कारण आत लेझर आहे आणि त्याला डोळा द्यायचा नसतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फक्त भिंती पुसा. डायोडच्या भिंगावर काडी घासू नका.

गोठणाऱ्या आकड्याचं कारण बहुतेक वेळा खारा गंज. सेन्सर साधारण दर सेकंदाला आकड्यांचा एक गठ्ठा पाठवतो. जोडणीच्या पिनांवर हिरवा थर चढला की गठ्ठे गाळले जातात आणि पडद्यावर शेवटचा आलेला आकडा तसाच राहतो. कनेक्टर काढा, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलमध्ये मऊ ब्रश बुडवून पिना घासा, पूर्ण सुकू द्या, पाच-सहा वेळा घालून-काढून घट्ट बसवा. बोर्डावर संरक्षक वार्निश मारणार असाल तर ॲक्रिलिकचं घ्या आणि सेन्सरची तोंडं चिकटपट्टीने झाका. सिलिकोनचं वार्निश किंवा खिडकीचं सिलिकोन मीटरजवळ नको. त्याच्या वाफेने व्हीओसीचा (रंग, द्रावक, अत्तर यांच्या वाफा हुंगणारा) सेन्सर कायमचा मंद होतो.

त्याच वेळी वीजही तपासा. प्लँटॉवर पीएमएस ५००३ ला ४.५ ते ५.५ व्होल्ट लागतात. पातळ, लांब यूएसबी केबल आणि जुना मोबाइल चार्जर यांच्यात व्होल्ट गळतात, पंखा मंदावतो आणि मोजणी बिघडते. मीटर चालू असताना बोर्डाच्या टोकाशी मल्टिमीटर लावा. ४.७ च्या खाली दिसलं तर आधी केबल बदला. पंखा फिरतोय का ते रात्री शांततेत कान लावून कळतं, बारीक घरघर येते. वीज जाऊन आल्यावर पहिली दोन-चार मिनिटं आकडे वाचू नका.

वयाचाही विचार करा. नोव्हाच्या एसडीएस ०११ मधल्या लेझरचं आयुष्य ८,००० तास सांगतात, म्हणजे अखंड चालवला तर अकरा महिने. दर ५ मिनिटांत १ मिनिट चालवला तर तोच साडेचार वर्षं जातो. पीएमएस ५००३ ला कंपनी तीन वर्षं धरते. सेन्सर झोपवून उठवत असाल तर उठल्यावरचे पहिले ३० सेकंद टाकून द्या.

प्र. एसी लावून, दारं-खिडक्या बंद करून आम्ही तिघं झोपतो. सकाळी मीटरवर कार्बन डायऑक्साइड ५२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५२०). दुसऱ्या एका स्वस्त मीटरवर मात्र फिनाइलने लादी पुसली की २,००० च्या वर! खरं कोण? (चिपळूण)

दोघंही नाहीत.

पहिल्याचा हिशेब कागदावर करून बघा. १० बाय १२ ची खोली, १० फूट उंच, म्हणजे ३४ घनमीटर हवा. झोपलेला मोठा माणूस तासाला १२ ते १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, तिघांचे ४० लिटर धरा. खोली अगदी हवाबंद असती तर तासाला हजारावर पीपीएम चढले असते. फटींतून बरीच हवा जाते-येते, तरी पहाटेपर्यंत दीड-दोन हजार व्हायलाच हवेत. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. तेव्हा ५२० अशक्य आहे.

हे होतं ऑटो कॅलिब्रेशनमुळे. सेन्सएअर एस ८, सेन्सिरिऑनचा एससीडी ४१ यांसारखे सेन्सर आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, ४०० पीपीएम, असं समजून स्वतःला लावून घेतात. तुमची खोली कधीच नीट उघडली जात नसेल, तर त्यातल्या त्यात कमी असलेला आकडाच त्याचे ‘४००’ होऊन बसतो आणि सगळं मोजमाप त्या फरकाने खाली सरकतं.

मीटर बाहेर न्या, सावलीत वाऱ्यावर ठेवा, माणसांपासून दोन-तीन मीटर लांब. वीसेक मिनिटांत आकडा ४२० ते ४५० वर स्थिरावला पाहिजे. नसेल तर मेनूतलं हाताने करायचं कॅलिब्रेशन तिथेच करा आणि विचारलं तर किंमत ४२५ द्या. वेळ मात्र दुपारची निवडा, खारे वारे वाहत असताना. पहाटे वारा पडलेला असतो आणि नारळी-पोफळीच्या वाडीत झाडं, पाला, माती रात्रभर श्वास घेत असतात. तिथला आकडा पाचशेच्या वरही असू शकतो. तिथे मीटर लावलात तर चूक फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जाईल. त्यानंतर ऑटो कॅलिब्रेशन बंद करता येत असेल तर करा, नाहीतर आठवड्यातून एकदा मीटर दोन-तीन तास अंगणात ठेवा.

दुसऱ्या मीटरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सरच नसणार. तो व्हीओसी हुंगतो आणि ‘एवढे वास म्हणजे एवढी माणसं’ असा कयास करून पीपीएम छापतो. खात्री करायची तर सॅनिटायझरचा कापूस वीतभर अंतरावर धरा. अवरक्त किरणांनी कार्बन डायऑक्साइड मोजणारा खरा सेन्सर ढिम्म राहतो, हा हजारांत उडतो. उदबत्ती, कापूर, फोडणी, पिकलेला फणस, सगळ्याला तो असाच उडणार. खोलीत वास वाढला की कमी झाला एवढं कळायला ठेवा, पीपीएम विसरा.

प्र. घरापासून अर्ध्या किलोमीटरवर चिरेखाण आहे. ओटीवर रोज लाल थर बसतो. मीटरवर पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) मात्र ३०-३५. खाणवाले हाच आकडा आम्हाला दाखवतात. (राजापूर तालुका)

तुमचा ओटा खरा आहे. या जातीचा सेन्सर जाड धूळ जवळजवळ बघतच नाही. जांभ्याची धूळ बहुतांशी जाड असते. एवढे जड कण छोट्या पंख्याच्या ओढीने वळणावळणाच्या वाटेत शिरत नाहीत, शिरले तर वाटेतच भिंतीला बसतात. मग पडद्यावर पीएम १० कुठून येतं? बारीक कणांवरून अंदाजाने काढलेलं असतं. नोंद काढून बघा, तुमच्याकडे पीएम १० जवळपास नेहमी पीएम २.५ च्या सव्वापटीच्या मागे-पुढे राहत असेल. खरी धूळ इतकी शिस्तीत वागत नाही. सेन्सिरिऑन एसपीएस ३० सारखा चांगला सेन्सरही मोठ्या कणांचा आकडा अशाच हिशेबाने देतो. तेव्हा खाणवाल्यांशी बोलताना हा आकडा पुरावा म्हणून चालणार नाही, त्यांनाही आणि तुम्हालाही.

पीएम १० ची सरकारी मर्यादा २४ तासांना १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ती मोजायची तर रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर हवा. तो मिनिटाला सुमारे एक घनमीटर हवा काचतंतूच्या फिल्टरमधून ओढतो आणि मग फिल्टरचं वजन होतं. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करा. अर्जासोबत घरगुती नोंद जोडता येते. सरळ कडेचा, ३० सेंटिमीटर व्यासाचा खोल डबा छपराच्या उंचीवर, झाडाखाली नसलेल्या जागी दहा दिवस ठेवा. पाऊस नसलेल्या दिवसांतच. साठलेली धूळ ब्रशने कागदावर काढा, उन्हात वाळवा आणि सोनाराकडच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. ०.७ ग्रॅम निघाली तर ती दिवसाला चौरस मीटरमागे साधारण १ ग्रॅम झाली. हे पीएम १० नाही, नुसती पडलेली धूळ आहे. अर्जात तसंच लिहा. खाण चालू असतानाचे दहा दिवस आणि बंद असतानाचे दहा दिवस अशी जोडी दिलीत तर वजन पडेल.

प्र. एकाच वेळी एक ॲप एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ६७ ‘समाधानकारक’ म्हणतं, माझा मीटर ११२ दाखवून नारिंगी होतो. (दापोली)

दोघंही पीएम २.५ चे ४० मायक्रोग्रॅमच सांगताहेत. ४० ला भारतीय तक्त्यात ६७ येतात, अमेरिकी तक्त्यात ११२. मीटरच्या सेटिंगमध्ये भारतीय तक्ता निवडता येतो का बघा. नसेल तर एक्यूआय सोडून थेट मायक्रोग्रॅम वाचा. भारतीय तक्त्यात ३० पर्यंत चांगली, ६० पर्यंत समाधानकारक, ९० पर्यंत मध्यम. हे आकडे २४ तासांच्या सरासरीचे आहेत. पापलेट तळताना पंधरा मिनिटं ३०० दिसले म्हणजे दिवस ‘गंभीर’ झाला असं नाही, स्वयंपाकघराची खिडकी उघडायला मात्र हवी.

आणि ॲपमधला आकडा तुमच्या गावात मोजलेलाच असेल असं नाही. किनाऱ्यावर केंद्रं विरळ आहेत, बरीच ॲप्स संगणकी प्रारूपाने काढलेला आकडा देतात. मीटरची त्याच्याशी तुलना करून मीटरला खोटं ठरवू नका.

प्र. गणपतीच्या मखराला रंग दिला, तेव्हापासून मीटरचा फॉर्मल्डिहाइडचा आकडा लाल आहे. (अलिबाग)

घरगुती मीटरमधला हा सेन्सर अल्कोहोल आणि रंगातल्या द्रावकालाही फॉर्मल्डिहाइडच समजतो. मीटर एक दिवस रंग, अत्तर, सॅनिटायझर यांपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा. तिथे तो शून्याजवळ आला नाही तर सेन्सर संपलाय. आला, तर नव्या प्लायवूडच्या बंद कपाटात तासभर ठेवून बघा. फॉर्मल्डिहाइड घरात असलंच तर बहुधा तिथल्या गोंदातून येतं.

प्र. एकाच कंपनीचे दोन मीटर घेतले. एक १८ दाखवतो, दुसरा ३०. परत पाठवू का? (वेंगुर्ले)

लगेच नको. या सेन्सरांना १०० मायक्रोग्रॅमपर्यंत अधिक-उणे १० ची मुभा कंपनीच देते. म्हणजे एक दहाने वर आणि दुसरा दहाने खाली असला तरी दोन्ही ‘पास’. दोघांना एकाच टेबलावर, हवेची भोकं एकाच दिशेला करून, वीतभर अंतरावर ४८ तास ठेवा. टेबल पंख्याखाली नको, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतातही नको. मध्ये एकदा दोन-तीन मीटरवर उदबत्ती लावून आकडे वर जाऊ द्या. फरक खालीही १२ आणि वरही १२ राहिला, तर एकातून तेवढे वजा करा आणि वापरा. खाली १२ चा फरक वर जाऊन ६० झाला, तर तो पटीचा फरक आहे, वजाबाकीने जाणार नाही. आणि एक मीटर धुराला नीट उठतच नसेल, तर त्याचा पंखा ऐकून बघा आणि वॉरंटीत तोच परत पाठवा.